कोकेन आणि हृदयाची विद्युतयंत्रणा

विशेष प्रतिनिधी

१९ जून १९८६ च्या सकाळी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या वसतिगृहात लेन बायस हा बावीस वर्षांचा बास्केटबॉलपटू मित्रांच्या देखत कोसळला. त्याला फिट आली आणि हृदय थांबले. जवळच्या रुग्णालयात डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, परंतु ८ वाजून ५५ मिनिटांनी त्याला मृत घोषित करण्यात आले. दोनच दिवसांपूर्वी बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून दुसर्‍या क्रमांकाने त्याची निवड केली होती. राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी जो निष्कर्ष जाहीर केला, तो या लेखाचा विषय आहे. कोकेनच्या विषबाधेमुळे हृदयाच्या ठोक्यांचे विद्युत नियंत्रण खंडित झाले, असे त्यांनी म्हटले होते. यानंतर आठच दिवसांनी डॉन रॉजर्स हा तेवीस वर्षांचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू कोकेननेच दगावला. दुसर्‍या दिवशी त्याचे लग्न होते.

या मृत्यूंनी अमेरिका हादरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमली पदार्थांविरोधात अत्यंत कठोर कायदा तेथे संमत झाला आणि त्याच्या बर्‍यावाईट परिणामांची चर्चा पुढे कित्येक वर्षे होत राहिली. वैद्यकीय प्रश्न मात्र कायद्याच्या गदारोळात मागे पडला. रोज तासन्‌तास धावणार्‍या तरुणाचे हृदय काही मिनिटांत बंद कसे पडते? रक्तवाहिनीत गुठळी होऊन येणारा झटका हे त्याचे एकमेव उत्तर नाही. कोकेन हृदयाच्या विद्युतयंत्रणेवर थेट, आणि तेही एकाच वेळी अनेक ठिकाणी, घाव घालते.

ठोका पडतो कसा?

मिनिटाला सत्तर या हिशेबाने आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्यामागे एक सूक्ष्म विद्युतलहर असते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. तो स्वयंप्रेरणेने ही लहर निर्माण करतो. लहर वरच्या दोन कप्प्यांतून पसरते आणि मध्यभागी असलेल्या ए-व्ही नोडपाशी सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी थबकते. वरच्या कप्प्यांतील रक्त खालच्या कप्प्यांत उतरण्यासाठी तेवढी उसंत आवश्यक असते. पुढे हिज बंडल आणि पर्किंजे तंतू यांच्या जलदगती मार्गाने ती खालच्या, म्हणजे मुख्य पंपाचे काम करणार्‍या कप्प्यांत सर्वदूर पोहोचते आणि ते कप्पे एकदिलाने आकुंचन पावतात.

ही वीज घरातील तारेत असते तशी नव्हे. ती क्षारांच्या विद्युतभारित कणांची ये-जा आहे. स्नायूपेशीच्या आवरणात सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्यासाठी स्वतंत्र वाहिन्या, म्हणजे दारे असतात. विश्रांतीत पेशीच्या आतील बाजूस सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट इतका दाब असतो. लहर येताच सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि एक-दोन मिलिसेकंदांत पेशी उत्तेजित होते. पाठोपाठ कॅल्शियम आत येते; त्यामुळे स्नायू आकसतो. शेवटी पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा पूर्वस्थितीला येते. ही पूर्वस्थिती येईपर्यंत पेशी दुसर्‍या लहरीला दाद देत नाही. हृदयाची शिस्त टिकते ती याच बेफिकिरीमुळे.

ईसीजीच्या कागदावर जी वळणे दिसतात, ती या घडामोडींचीच सावली होय. पहिला लहान उंचवटा, पी, वरच्या कप्प्यांचा. क्यूआरएस हा टोकदार भाग म्हणजे खालच्या कप्प्यांत लहर पसरण्याचा काळ. निरोगी माणसात तो १२० मिलिसेकंदांहून कमी असतो. टी हा नंतरचा उंचवटा पेशी पूर्वपदावर येत असल्याचे दर्शवतो. क्यूच्या आरंभापासून टीच्या शेवटापर्यंतच्या अंतरास क्यूटी म्हणतात. क्यूआरएस आणि क्यूटी ही दोन नावे पुढे पुन्हा येणार आहेत.

नाकातून मेंदूकडे, मेंदूतून हृदयाकडे

कोकेनची उत्तेजक म्हणून असलेली ख्याती नॉरअॅड्रिनॅलिन या रसायनाशी निगडित आहे. भीती, राग किंवा धावपळ यांच्या प्रसंगी अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांशी ते स्रवते आणि काम झाल्यावर तेच मज्जातंतू ते परत शोषून घेतात. कोकेन हे शोषण रोखते. स्रवलेले रसायन तेथेच साचते आणि हृदयावर त्याचा मारा सुरू राहतो. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायूपेशींत कॅल्शियमचा भार वाढतो. अतिरिक्त कॅल्शियममुळे पेशी आपल्या पाळीची वाट न पाहता मध्येच उत्तेजित होऊ लागतात. छातीत ठोका चुकल्यासारखे वाटते, ते बहुधा असल्या अवेळी ठोक्यांमुळे.

एवढ्यावर थांबले असते तर कोकेनचा धोका इतर उत्तेजकांसारखाच राहिला असता. परंतु या पदार्थाला दुसराही गुणधर्म आहे, आणि त्याचा शोध नेत्रशस्त्रक्रियेच्या टेबलावर लागला.

बधिरतेचा गुण, हृदयाचा घात

दक्षिण अमेरिकेतील कोकाच्या पानांतून जर्मन रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट नीमन यांनी १८६० च्या सुमारास कोकेन वेगळे केले. १८८४ मध्ये व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी त्याचा द्राव डोळ्यात घातल्यास डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. त्या काळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रुग्ण शुद्धीवर असताना, वेदना सोसतच होत असे. स्थानिक भूल देण्याच्या शास्त्राचा प्रारंभ या प्रयोगाने झाला. सिग्मंड फ्रॉइड हे कोलर यांचे सहकारी. त्याच वर्षी त्यांनी कोकेनची भलामण करणारा प्रबंध प्रसिद्ध केला होता. मानसशास्त्राच्या या प्रणेत्याच्या चरित्रातील हे पान त्यांचे चाहते सहसा भराभर उलटतात.

कोकेन बधिरता आणते, कारण ते मज्जातंतूंमधील सोडियमची दारे अडवते. दार बंद, म्हणजे वेदनेचा संदेश बंद. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत देतात ते लिग्नोकेनचे इंजेक्शन याच तत्त्वावर चालते. मात्र सोडियमची दारे हृदयातही आहेत. रक्तात पुरेसे कोकेन मिसळले की, तेथील दारेही अडू लागतात. लहर उमटते, पण सावकाश पसरते. खालच्या कप्प्यांचा एक भाग आकुंचन पावून मोकळा होऊ लागतो, तरी दुसर्‍या भागापर्यंत आदेश पोहोचलेलाच नसतो. ईसीजीवर क्यूआरएस रुंदावतो.

येथे एक घातक योग जुळून येतो. कोकेन सोडियमच्या दारांना चिकटते ते प्रामुख्याने ती उघडलेली असताना किंवा नुकतीच मिटलेली असताना. विश्रांतीच्या स्थितीत त्याची पकड सैल पडते. नाडी जितकी जलद, तितका विश्रांतीचा काळ कमी आणि तितकी दारे अधिक अडलेली. आता आठवावे की, नॉरअॅड्रिनॅलिन साचवून नाडी जलद करण्याचे काम हेच कोकेन करीत असते. म्हणजे एका गुणधर्माने ते हृदयाला पळवते आणि त्या पळण्यामुळेच दुसर्‍या गुणधर्माची पकड घट्ट होते. एखाद्या मार्गावर गाड्यांची संख्या दुप्पट करावी आणि त्याच वेळी सिग्नल नादुरुस्त व्हावेत, असा हा प्रकार आहे.

मंदावलेली लहर वळसा घेऊन आपल्याच मागच्या वाटेवर परतू शकते आणि तेथेच गोल फिरत राहते. वैद्यकात यास रिएन्ट्री म्हणतात. खालच्या कप्प्यांत असे चक्र सुरू झाले की, नाडी मिनिटाला दीडशे-दोनशेच्या पुढे जाते. पुढे त्याची शकले होऊन अनेक चक्रे एकाच वेळी फिरू लागतात. या अवस्थेत हृदय आकुंचन पावत नाही, नुसते थरथरते. रक्तपुरवठा थांबतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात.

त्यात फिट आली किंवा शरीराचे तापमान चढले, तर रक्तातील आम्लता वाढते. आम्लतेत सोडियमच्या दारांवरील कोकेनचा परिणाम अधिक तीव्र होतो. तापमानाचा मुद्दा वरवरचा नाही. न्यूयॉर्क शहरातील १९९० ते १९९५ या काळातील मृत्यूंचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचे कमाल तापमान ३१.१ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक असलेल्या दिवसांत कोकेनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सरासरीने ३३ टक्के जास्त असल्याचे त्यात दिसून आले. मुंबईत किंवा गोव्यात एवढे तापमान वर्षातील बहुतेक महिने असते, हे लक्षात घ्यावे.

पोटॅशियम, क्यूटी आणि मद्य

पोटॅशियम बाहेर सोडणारी एक विशिष्ट वाहिनीही कोकेन रोखते. पोटॅशियम अडले की, पेशी पूर्वपदावर येण्यास विलंब लागतो आणि ईसीजीवर क्यूटी लांबतो. लांबलेल्या क्यूटीच्या कालावधीत अवेळी ठोका पडल्यास एका विचित्र अतालतेला निमंत्रण मिळते. फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचे वर्णन केले आणि ईसीजीतील टोके एका रेषेभोवती पीळ घेत फिरतात म्हणून तिला तोर्साद द पॉइंत असे नाव दिले. ती कधी आपोआप थांबते, कधी फिब्रिलेशनमध्ये परिणत होते. क्यूटी लांबवणारी इतर औषधे, उदाहरणार्थ काही प्रतिजैविके किंवा मनोविकारांवरील गोळ्या, जोडीला असतील किंवा उलट्या-जुलाबांनी शरीरातील पोटॅशियम घटले असेल, तर धोका वाढतो. कॅल्शियमच्या दारांवरही कोकेनचा परिणाम होतो, परंतु तो मुख्यत्वे मोठ्या मात्रेत.

पार्ट्यांमध्ये कोकेन एकटे क्वचितच येते. सोबत मद्य असते. मद्यामुळे कोकेनचा चढलेला ताण उतरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र आल्यावर यकृतात कोकाएथिलीन हे तिसरेच रसायन तयार होते. कोकेनचे रक्तातील प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते, कोकाएथिलीनला त्यासाठी सुमारे दुप्पट वेळ लागतो. हृदयाच्या सोडियम वाहिन्यांवरील त्याचा प्रभाव कोकेनपेक्षाही जास्त असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. मैफल संपली तरी हृदयावरचे संकट संपलेले नसते, ते यामुळे.

काहींच्या सोडियम वाहिन्यांत जन्मतःच उणीव असते. पेद्रो आणि जोसेप ब्रुगादा या बंधूंनी १९९२ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, तो याच वर्गातला. अशा व्यक्ती वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात आणि त्यांचा ईसीजीही अनेकदा सर्वसाधारण असतो. कोकेनने हा दडलेला दोष ईसीजीवर उघड झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. दोष उघड होणे आणि हृदय बंद पडणे या दोन घटनांत अंतर किती राहील, हे कोणी सांगू शकत नाही. मित्राने तेवढेच घेतले आणि त्याला काही झाले नाही, हा युक्तिवाद येथे फोल ठरतो.

रक्तपुरवठाही तुटतो

विद्युतयंत्रणेचा विचार रक्तपुरवठ्याला वगळून करता येत नाही. अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, नाकावाटे दिलेल्या अल्प कोकेननेही हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे काम वाढल्यामुळे हृदयाला जास्त प्राणवायू हवा असतो, नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो. शिवाय रक्त गोठण्याची प्रवृत्तीही बळावते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,९४६ रुग्णांची चौकशी करण्यात आली. कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका सुमारे २४ पट वाढतो, असे अनुमान त्यातून निघाले. मात्र मागील वर्षभरात कोकेन घेतल्याचे सांगणारे रुग्ण त्यात अवघे ३८ होते, त्यामुळे आकडा काटेकोर मानू नये. दिशा स्पष्ट आहे, इतकेच.

रक्ताविना तळमळणारा स्नायूचा तुकडा विद्युतदृष्ट्या अस्थिर होतो. दीर्घकाळ सेवन करणार्‍यांत हृदयाच्या भिंती जाड होतात, जागोजागी व्रण राहतात. व्रणातून वीज वाहत नाही. ती त्याला वळसा घालून जाते आणि वर सांगितलेल्या चक्राला आयतीच वाट मिळते. कोकेन सोडल्यानंतरही हे व्रण राहतात.

डॉक्टरांपुढील पेच

अठ्ठावीस वर्षांचा तरुण रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून रुग्णालयात येतो, तेव्हा घरच्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘पित्त झाले असेल’ अशी असते. सोबत आलेले मित्र गप्प राहतात. एकाने काही सांगावे, तर दुसरा डोळ्यांनी दटावतो. या मौनाची किंमत मोठी आहे, कारण कोकेनमुळे झालेल्या छातीदुखीचे उपचार नेहमीपेक्षा वेगळे आहेत.

जलद नाडी आणि वाढलेला रक्तदाब यांवर सर्रास वापरली जाणारी औषधे म्हणजे बीटा ब्लॉकर. कोकेन अंगात असताना ती दिल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्या अधिकच आकसू शकतात, असे १९९० मध्ये डॅलसच्याच गटाने प्रोप्रॅनोलॉल या औषधाच्या बाबतीत दाखवले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही सुरुवातीच्या काळात ही औषधे टाळण्याचा सल्ला होता. अलीकडे या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ही भीती अतिरंजित असल्याचे काही तज्ज्ञ मानतात. परंतु रुग्णाने काय घेतले आहे, हेच डॉक्टरांना ठाऊक नसेल तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. आरंभीच्या उपचारांत मेंदूची उत्तेजना शमवणारी डायझेपामसारखी औषधे, नायट्रोग्लिसरीन आणि अॅस्पिरिन यांचा समावेश होतो. मेंदू शांत झाला की, नाडी आणि रक्तदाबही उतरतात.

क्यूआरएस रुंदावलेला आढळल्यास सोडियम बायकार्बोनेट शिरेवाटे दिले जाते. त्यातील सोडियममुळे अडलेल्या दारांवर मात होते आणि आम्लताही कमी होते. थोड्या वेळात ईसीजीतील रुंद वळणे अरुंद होत जातात. त्याने भागले नाही तर लिग्नोकेनचा आधार घेतला जातो. लिग्नोकेनही सोडियमची दारेच अडवते, मग ते उपाय कसे? तर त्याची पकड क्षणिक असते. ते कोकेनशी त्याच जागेसाठी स्पर्धा करते आणि लगेच बाजूलाही होते. काट्याने काटा काढण्याचे हे उदाहरण.

ईसीजी वाचणेही सोपे नसते. तरुणांच्या निरोगी ईसीजीतही झटक्यासारखी भासणारी उंचावलेली रेषा आढळते. म्हणून ट्रोपोनिनची रक्तचाचणी आणि काही तासांची देखरेख यांवर भर दिला जातो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धोका कमी वाटणार्‍या रुग्णांना ९ ते १२ तास निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडणे सुरक्षित असल्याचे दिसले. महिनाभरात त्यांपैकी चौघांना हृदयविकाराचा झटका आला. त्या चौघांनीही कोकेन घेणे थांबवलेले नव्हते.

आपल्याकडचे चित्र

महाराष्ट्राला अमली पदार्थ म्हटले की, ऐंशीच्या दशकातील ‘गर्द’ आठवते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची पार्श्वभूमीही तीच. गर्द हा हेरॉइनचा प्रकार. त्याची अतिमात्रा श्वास मंदावून मारते आणि नॅलोक्सोन हा त्यावर उतारा आहे. कोकेनचा मार्ग अगदी विरुद्ध असून त्याला असा एकच रामबाण उतारा नाही. नॅलोक्सोनचा त्यावर उपयोग होत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील ०.१० टक्के लोक, म्हणजे सुमारे १० लाख ७० हजार, कोकेनचे सेवन करीत असल्याचा अंदाज होता. अफूजन्य पदार्थांचे प्रमाण २.१ टक्के होते. तुलनेने कोकेन कमी आहे आणि त्याची किंमत पाहता ते महानगरांतील सधन वर्गात अधिक आढळते. विमानतळावर पोटात कॅप्सूल दडवून आणणारे प्रवासी पकडले जातात, तेव्हा आम्ही वृत्तपत्रवाले मालाच्या किमतीचा मथळा करतो. त्या प्रवाशांना रुग्णालयात ठेवावे लागते, कारण एक कॅप्सूल फुटली तरी वर वर्णन केलेले सारे काही मिनिटांत घडू शकते. ही ओळ बातमीच्या शेवटी येते किंवा जागेअभावी कापली जाते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कोकेनची २ ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प, तर १०० ग्रॅमपेक्षा अधिक व्यापारी मानली जाते. सेवन हाही गुन्हाच आहे. मात्र याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार झाल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते; उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. या तरतुदीची माहिती फारच थोड्या कुटुंबांना असते.

कोणी कोसळले, प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ किंवा ११२ ला दूरध्वनी करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. जवळ विजेचा झटका देणारे एईडी यंत्र असेल तर ते आणवावे. यंत्र स्वतःच नाडीचा ताल ओळखते. रुग्ण शुद्धीवर असेल, पण अंग तापलेले आणि तो बेभान असेल तर त्याला गर्दीतून बाजूला घेऊन अंग गार करावे, झटापट करून दाबून धरू नये. आणि रुग्णालयात पोहोचल्यावर तीन गोष्टी लपवू नयेत : काय घेतले, किती वाजता घेतले, सोबत मद्य किंवा इतर गोळ्या होत्या का. लघवीच्या तपासणीत कोकेनचे अवशेष दोन-तीन दिवस सापडत राहतात, पण ती तपासणी आजच्या रात्रीचे की परवाचे, हे सांगत नाही. ते सोबत आलेल्या माणसालाच सांगावे लागते.